पोलादाचा सातबारा: हुजूर, मजूर आणि ब्रिटनचं बदलतं अर्थकारण

ब्रिटनच्या पोलाद उद्योगाचा सातबारा काढला, तर फेरफाराच्या नोंदी वाचतानाच दम लागेल. फेब्रुवारी 1951 मध्ये कारखाने सरकारजमा झाले. 1953 मध्ये ते परत खासगी मालकांना विकायचा कायदा झाला. 1967 मध्ये पुन्हा सरकारी. 1988 मध्ये पुन्हा खासगी. 1999 मध्ये एका डच कंपनीशी विलीनीकरण होऊन 'कोरस' हे नवं नाव आलं, 2007 मध्ये ही कोरस मुंबईच्या टाटा स्टीलने विकत घेतली, 2016 मध्ये टाटांनी स्कनथॉर्पच्या कारखान्यासह तोट्यातला एक विभाग अवघ्या एका पौंडाला विकून टाकला आणि 2020 मध्ये तो जिंग्ये या चिनी उद्योगसमूहाकडे गेला.

यातले शेवटचे चार फेरफार बाजाराने केले. पहिले चार मात्र मतपेटीने. भट्ट्या त्याच, कामगार तेच, लोखंडाचा दगडही तोच. पण वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, माणसं बदलली की पाटी बदलायची. दोनच मोठे पक्ष आलटून पालटून राज्य करतात तेव्हा देशाच्या आर्थिक धोरणाचं नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी नावं. काँझर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर पक्ष आणि लेबर म्हणजे मजूर पक्ष. मराठी वर्तमानपत्रांनी ही नावं रुळवली आणि ती इतकी चपखल बसली की मूळ नावांपेक्षा मला तीच आवडतात. हुजूर पक्षाचा कल खासगी मालकी, कमी कर आणि सरकारने फार लुडबुड करू नये याकडे. मजूर पक्ष कामगार संघटनांच्या पोटी जन्मलेला, त्यामुळे सार्वजनिक मालकी आणि कल्याणकारी खर्चाकडे झुकलेला.

पण दोनच का? त्याचं मोठं कारण निवडणुकीच्या पद्धतीत आहे. मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून, बाकीच्यांची मतं पाण्यात. 1983 ची निवडणूक पाहा. मजूर पक्षाला 27.6 टक्के मतं आणि 209 जागा मिळाल्या. लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट यांच्या आघाडीला 25.4 टक्के मतं मिळाली, पण जागा किती? 23. त्यांची मतं देशभर भाकरीवरच्या तुपासारखी पसरलेली होती. फार थोड्या ठिकाणी पहिला नंबर येईल इतका जाड थर साचला. असं दोनदा तीनदा झालं की मतदार तिसऱ्याला मत देऊन ते वाया घालवायला कचरतो. मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने हा कल जवळपास नियमासारखाच मांडला. आपल्याकडे हीच पद्धत असूनही दोन पक्षच उरले नाहीत, कारण एखाद्या राज्यात घट्ट मुळं असलेला पक्ष तिथे पहिला येऊ शकतो. पण तो वेगळा विषय.

ब्रिटनमध्ये जिंकणाऱ्याच्या हातात जे येतं ते फार मोठं असतं. 2024 मध्ये मजूर पक्षाला सुमारे 34 टक्के मतं मिळाली आणि जागा मात्र 650 पैकी 400 हून जास्त. एकदा बहुमत मिळालं की अर्थमंत्री अर्थसंकल्प मांडतो आणि तो बहुतेक जसाच्या तसा मंजूर होतो. वरिष्ठ सभागृहाला पैशाची विधेयकं अडवता येत नाहीत. एकसंध लिखित राज्यघटना नाही, त्यामुळे संसदेने केलेला कायदा न्यायालय रद्द करू शकत नाही. निवडणूक गुरुवारी, आणि निकाल स्पष्ट असेल तर शुक्रवारी पंतप्रधानांच्या घराबाहेर सामानाची गाडी उभी. इतक्या झटपट आणि इतकी संपूर्ण सत्ता हातात येत असेल, तर धोरणाची गाडी एका पाच वर्षांत डावीकडे आणि पुढच्या पाच वर्षांत उजवीकडे हेलकावे खात राहील, असं कुणालाही वाटेल.

पोलादाच्या बाबतीत तसंच झालं. ती गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

1945 मध्ये क्लेमंट अ‍ॅटली यांचा मजूर पक्ष प्रचंड बहुमताने आला आणि त्याने राष्ट्रीयीकरणाचा सपाटा लावला. 1946 मध्ये बँक ऑफ इंग्लंड, 1 जानेवारी 1947 ला कोळसा खाणी, 1948 च्या पहिल्या दिवशी रेल्वे, मग वीज, गॅस. हुजूर पक्ष कुरकुरला, पण जिवावर उदार होऊन लढला नाही. खाणी आणि रेल्वे महायुद्धाने खिळखिळ्या झालेल्या होत्या. त्या सरकारने घेतल्या तर घेऊ देत. पोलाद मात्र नफ्यातला धंदा. तिथे खरी ठिणगी पडली.

मजूर पक्षाला धास्ती होती वरिष्ठ सभागृहाची. तिथे हुजुरांचं वर्चस्व, आणि त्या सभागृहाला साधं विधेयक दोन वर्षं रोखून धरता येत असे. पोलादाचं विधेयक मुदतीच्या शेवटी येणार, म्हणजे ते निवडणुकीपलीकडे लटकणार. म्हणून सरकारने आधी त्या सभागृहाचेच हात बांधले: 1949 च्या पार्लमेंट अ‍ॅक्टने दोन वर्षांचं एक वर्ष केलं. एका उद्योगाच्या मालकीवरून संसदेच्या अधिकारांची रचना बदलली. शेवटी तडजोड झाली की कायदा आत्ता करा, ताबा मात्र निवडणुकीनंतर घ्या. 1950 ची निवडणूक मजूर पक्षाने जिंकली, पण अवघ्या पाच जागांच्या बहुमताने. 15 फेब्रुवारी 1951 ला कारखाने सरकारकडे आले आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा निवडणूक लागली.

त्या निवडणुकीत मजूर पक्षाला सुमारे 1 कोटी 39 लाख मतं मिळाली, हुजूर पक्षाला आणि त्याच्या साथीदारांना 1 कोटी 37 लाख. जागा मजुरांना 295, हुजुरांना 321. मतं जास्त मिळूनही सरकार गेलं आणि चर्चिल परत आले. म्हणजे देशाच्या एका प्रमुख उद्योगाची मालकी बदलली ती जनमत फिरलं म्हणून नव्हे. मतं कुठल्या मतदारसंघात पडली याच्या हिशेबामुळे.

चर्चिल सरकारने पोलाद विकायला काढलं खरं, पण घेणारे बिचकत होते. मजूर पक्षाने आधीच जाहीर केलं होतं की आम्ही आलो की परत घेऊ. आज शेअर घ्यायचे आणि उद्या सरकारी भावाने परत करायचे, असा धंदा कोण करील? विक्री वर्षानुवर्षं रेंगाळली. रिचर्ड थॉमस अँड बाल्डविन्स ही मोठी कंपनी तर विकलीच गेली नाही आणि हुजूर राजवटीतही सरकारकडेच पडून राहिली. 1964 मध्ये मजूर पक्ष आला तो चार जागांच्या बहुमताने, आणि त्यांच्याच दोन खासदारांनी पोलादाच्या प्रश्नावर पाय आडवा घातला. 1966 मध्ये भक्कम बहुमत मिळालं तेव्हा कुठे काम झालं. 1967 मध्ये 14 मोठ्या कंपन्या एकत्र करून ब्रिटिश स्टील कॉर्पोरेशन उभं राहिलं.

ही सगळी सोळा वर्षं एकच प्रश्न हवेत होता: उद्या मालक कोण? पोलादाची भट्टी उभारायला अफाट पैसा लागतो आणि तो वसूल व्हायला निवडणुकीच्या एका मुदतीपेक्षा कितीतरी जास्त काळ. मालकीच अधांतरी असेल तर मोठा खर्च पुढे ढकलला जाण्याचीच शक्यता जास्त. अर्थात पुढच्या दुर्दशेचा सगळा दोष राजकारणावर ढकलणं बरोबर नाही. जुने, लहान, विखुरलेले कारखाने आणि 1973 च्या तेलसंकटानंतर मंदावलेली जगभरची मागणी हीही कारणं होतीच. पण आधीच दमेकऱ्याला धुरात बसवलं, एवढं नक्की.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प आठवल्याशिवाय राहणार नाही. 1993 मध्ये काँग्रेसच्या राज्यात करार झाला, 1995 मध्ये 'एन्रॉन समुद्रात बुडवू' म्हणत युती सत्तेवर आली, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला आणि पुढच्याच वर्षी वाटाघाटी करून अधिक मोठ्या क्षमतेसह परत आणला. बुडवलेलं इतक्या लवकर वर आलेलं पाहून तेव्हा भल्याभल्यांची करमणूक झाली होती. विरोधात असताना तोंडून निघालेलं वाक्य आणि खुर्चीत बसल्यावर समोर येणारी फाईल यांत अंतर असतं.

तेच अंतर ब्रिटनमध्येही सगळीकडे दिसतं, आणि माझ्या मते या विषयाचं मर्म तिथेच आहे. देशाचं आर्थिक धोरण बदललं की नाही, हे बदल करणारा ठरवत नाही. त्याच्यानंतर सत्तेवर येणारा विरोधक काय उलटवतो आणि काय मुकाट्याने ठेवून घेतो, यावर ते ठरतं.

1951 चंच पाहा. चर्चिल यांनी पोलाद आणि मालवाहतुकीचे ट्रक परत विकायला काढले. कोळसा? राहू दिला. रेल्वे? राहू दिली. 1946 मध्ये ज्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या विधेयकाविरुद्ध हुजूर पक्षाने मतदान केलं होतं, ती सेवाही राहू दिली. मोफत दवाखान्याची सवय झालेल्या मतदाराला तो बंद करतो म्हणून सांगायचं धाडस कुणाकडे होतं? ज्या दिवशी हुजुरांनी आरोग्य सेवा मोडली नाही, त्या दिवशी ती मजुरांची योजना न राहता देशाची झाली. 1954 पर्यंत दोन्ही पक्षांचं अर्थकारण इतकं सारखं दिसायला लागलं की 'द इकॉनॉमिस्ट'ने हुजुरांचे अर्थमंत्री बटलर आणि मजुरांचे माजी अर्थमंत्री गेट्स्केल यांची आडनावं जोडून 'मिस्टर बट्स्केल' नावाचा एक काल्पनिक गृहस्थच तयार केला.

असं जवळ येणं का घडतं, यासाठी गिरगाव चौपाटीवर जाऊ. समजा तिथे दोनच भेळवाले आहेत. एक उत्तर टोकाला, एक दक्षिण टोकाला. उत्तरेचा थोडा मध्याकडे सरकला तर मधली गिऱ्हाइकं त्याला मिळतात आणि मागची कुठे जात नाहीत, कारण त्यांना तोच जवळचा. दुसराही मग सरकतो. शेवटी दोघं मधोमध एकमेकांना खेटून उभे. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी 1929 मध्ये दुकानांबद्दल जवळपास हाच हिशेब मांडला आणि 1957 मध्ये अँथनी डाउन्स यांनी तो पक्षांना सविस्तर लावला.

पण भेळवाल्याला कार्यकर्ते नसतात. पक्षाला असतात, आणि ते गाडी टोकाला ओढत असतात. सभासद, देणगीदार, कामगार संघटना यांना मधोमध उभा राहिलेला नेता गद्दार वाटतो. शिवाय विरोधी बाकांवर बसल्यावर सरकार जे करील त्याच्या उलट बोलायची चटक लागते. ब्रिटिश अभ्यासक एस. ई. फायनर यांनी 1975 मध्ये या कुरघोडीच्या राजकारणावर सडकून टीका केली होती. मतदार मध्याकडे खेचतो, पक्ष टोकाकडे.

निवडणुकीचं पंचांगही आपलं काम करत असतं. एप्रिल 1955 मध्ये बटलर यांनी आयकर कमी केला, मे महिन्यात हुजूर पक्षाने निवडणूक जिंकली आणि ऑक्टोबरमध्ये त्याच बटलर यांनी तातडीचा अर्थसंकल्प आणून स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांवरसुद्धा कर लावला. इथे पक्ष बदललेला नव्हता. फक्त तारीख उलटून गेली होती.

आता सत्तरच्या दशकाकडे. ऑगस्ट 1975 मध्ये महागाईचा दर जवळपास 27 टक्क्यांवर गेला. 1976 मध्ये पौंड घसरत सुटला. अर्थमंत्री डेनिस हिली परदेशी जायला निघाले होते, ते विमानतळावरूनच माघारी फिरले. ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे 3.9 अब्ज डॉलरचं कर्ज मागावं लागलं. त्याच दिवसांत मजूर पंतप्रधान जेम्स कॅलॅहन यांनी स्वतःच्या पक्षाच्या अधिवेशनात सांगितलं की सरकारी खर्च वाढवून मंदीतून बाहेर पडता येतं, ही समजूत आता चालणार नाही. खर्चात कपात, चलनपुरवठ्यावर मर्यादा हे सगळं हिली यांनी सुरू केलं. सर्वसाधारण समज असा की हे वळण 1979 मध्ये हुजूर पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी घेतलं. वळण आधीच घेतलं गेलं होतं. थॅचर यांनी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला आणि मजूर सरकारने जे नाइलाजाने केलं ते त्यांनी अभिमानाने केलं.

तो पाय किती जोरात दिला हे कराच्या दरांवरून कळतं. 1979 पर्यंत पगारावरचा सर्वोच्च आयकर 83 टक्के होता. थॅचर सरकारने पहिल्याच अर्थसंकल्पात तो 60 वर आणला, आणि भरपाईसाठी मूल्यवर्धित कराचा मूळ 8 टक्क्यांचा दर 15 वर नेला. 1988 मध्ये आयकराचा सर्वोच्च दर 40 टक्के झाला. विरोधकांनी इतका गदारोळ केला की सभागृहाचं कामकाज थांबवावं लागलं. याच वर्षी ब्रिटिश स्टीलचे शेअर बाजारात आले. 1967 मध्ये तिथे अडीच लाखांहून जास्त कामगार होते. विकायच्या वेळी त्यातले सुमारे पन्नास हजार उरले होते. 1980 मध्ये तेरा आठवड्यांचा संपही होऊन गेला होता.

मग 1997 मध्ये टोनी ब्लेअर यांचा मजूर पक्ष आला आणि खरी परीक्षा झाली. पोलाद परत घेतलं का? नाही. टेलिफोन, गॅस, वीज? नाही. 83 टक्के कर? छे. उत्पादनाची साधनं सर्वांच्या मालकीची असावीत हे 1918 पासून पक्षाच्या घटनेत असलेलं कलम ब्लेअर यांनी 1995 मध्येच बदलून घेतलं होतं. सर्वोच्च दर वाढवणार नाही असं वचन देऊन ते निवडून आले, आणि 40 चे 50 टक्के झाले ते थेट 2010 मध्ये, जागतिक आर्थिक संकटानंतर. हुजुरांनी 2013 मध्ये ते 45 केले. म्हणजे भांडण चालूच राहिलं, पण ते 83 की 40 असं राहिलं नाही, 45 की 50 असं झालं. आखाडाच लहान झाला.

उलट दिशेनेही हेच घडलं. ब्लेअर सरकारने 1999 मध्ये किमान वेतन लागू केलं, तासाला 3 पौंड 60 पेन्स. रोजगार बुडतील म्हणून हुजूर पक्षाने विरोध केला होता. 2015 मध्ये हुजूर अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनीच ते भरघोस वाढवून त्याला 'राष्ट्रीय निर्वाह वेतन' असं भारदस्त नाव दिलं. 1997 च्या मे महिन्यात मजूर अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी व्याजदर ठरवायचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडला देऊन टाकला. हुजुरांनी आधी विरोध केला, मग स्वीकारला. निवडणुकीआधी व्याज उतरवायचं आणि नंतर चढवायचं, ही सोय त्या दिवसापासून दोन्ही पक्षांच्या हातून गेली.

अमेरिकेत हाच खेळ वेगळ्या पटावर चालतो. तिथे अध्यक्ष एका पक्षाचा आणि संसद दुसऱ्याची असं सर्रास होतं. सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा संपवायलाच 100 पैकी 60 मतं लागतात. अर्थसंकल्पाशी निगडित एका खास प्रक्रियेत साधं बहुमत पुरतं, पण तिथे ठरावीक वर्षांपलीकडे तूट वाढवता येत नाही. म्हणून धाकटे बुश यांच्या करकपातीवर 2010 अखेरची मुदत छापलेली होती, दुधाच्या पिशवीवर असते तशी. मुदत वाढली, आणि 2013 च्या सुरुवातीला डेमोक्रॅट बराक ओबामा यांनीच अतिश्रीमंतांचा दर वाढवून बाकीची बहुतेक करकपात कायमची करून टाकली. कपात रिपब्लिकनांची, ती टिकवली डेमोक्रॅटांनी.

ब्रिटनमध्ये हे ठरलेले खांब हलवायचा प्रयत्न 2022 मध्ये झाला, आणि तो विरोधकांनी नव्हे, हुजूर पंतप्रधान लिझ ट्रस यांनी केला. 23 सप्टेंबरला त्यांच्या सरकारने सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कुठून येणार याचा हिशेब नाही, आणि ऑस्बर्न यांनीच 2010 मध्ये उभारलेल्या अर्थसंकल्प जबाबदारी कार्यालयाचा अंदाजही सोबत नाही. तीन दिवसांत पौंड डॉलरच्या तुलनेत विक्रमी नीचांकाला गेला, सरकारी कर्जरोखे कोसळले, पेन्शन फंड अडचणीत आले आणि बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घ्यायला उतरावं लागलं. ऑक्टोबर संपायच्या आत जवळपास सगळी कपात मागे, अर्थमंत्री घरी आणि पंतप्रधानही घरी. त्यानंतर 2024 मध्ये आलेल्या मजूर सरकारने कायदाच केला: मोठा कर किंवा खर्चाचा निर्णय त्या कार्यालयाच्या मूल्यमापनाशिवाय नाही. हुजुरांनी बांधलेली, हुजुरांनीच ओलांडलेली ही भिंत मजुरांनी सिमेंट लावून पक्की केली.

आणि पोलाद? वेल्समधल्या पोर्ट टॅलबट इथल्या टाटांच्या झोतभट्ट्या 2024 मध्ये बंद झाल्या. त्या जागी विजेवर चालणारी भट्टी उभारण्यासाठी 50 कोटी पौंडांचं सरकारी अनुदान 2023 मध्ये हुजूर सरकारने कबूल केलं होतं. मजूर सरकारने काही अटी सुधारून तीच रक्कम कायम ठेवली.

राहिलं स्कनथॉर्प. तिथल्या दोन झोतभट्ट्या बंद पडायच्या बेतात आल्या, तेव्हा 12 एप्रिल 2025 ला ईस्टरची सुट्टी मोडून ब्रिटिश संसद शनिवारी भरली. 1982 मध्ये फॉकलंड युद्धाच्या वेळी ती अशी शनिवारी भरली होती. कारखाना कसा चालवायचा हे सरकारने कंपनीला सांगावं आणि न ऐकल्यास आत शिरून स्वतः चालवावा, असं विधेयक मजूर सरकारने आणलं. हुजूर पक्षाने उशीर केलात म्हणून तोंडसुख घेतलं, पण विरोधात मत दिलं नाही. मतविभागणीसुद्धा न होता त्याच दिवशी दोन्ही सभागृहांतून विधेयक बाहेर पडलं आणि त्यावर राजाची संमतीही आली. काही दिवसांत इमिंगहॅम बंदरावर कोळसा उतरून भट्ट्यांकडे निघाला. सातबारावर नाव तेव्हाही जिंग्येचंच होतं.